ताज्या कलमातला जाहीरनामा

*ताई, नमस्कार.*

*मी नकाशांचं काम करते. नोकरीत क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं मुक्त सॉफ्टवेअर वापरते. गेली सात वर्षं फावल्या वेळात त्याचं मराठी भाषांतर तपासते, मदतपुस्तिकेतल्या चुका दुरुस्त करते, नवख्यांना शिकवते. तीन वर्षांपूर्वी मला ओएसजिओचं, म्हणजे अशा मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरच्या जागतिक संस्थेचं, चार्टर मेंबर (मताचा अधिकार असलेला सभासद) करून घेतलं. आता एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं संचालक मंडळाच्या निवडणुकीसाठी माझं नाव सुचवलंय. स्वीकारते की नाही, ते महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय.*

*थोडंफार पायथन सोडलं तर मला कोड लिहिता येत नाही. मंडळावर मोठमोठी माणसं असतात, तिथे मी कोण? बैठकीत इंग्रजी बोलताना शब्द अडतात. नवरा म्हणतो, "फुकटची हमाली, आणि वर लोकांच्या शिव्या." ऑफिसात साहेबांना सांगावं की नाही, कळत नाही. हरले तर साऱ्या जगासमोर हरणार. त्या जागेच्या मी लायक आहे का? जाहीरनाम्याचा खर्डा सोबत जोडलाय, बघाल का?*

*– रेखांश*

*ता.क. संस्थेच्या गेल्या परिषदेसाठी मला प्रवास-अनुदान मंजूर झालं होतं. पण मंजुरीचं पत्र आलं तोवर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळण्याची वेळ टळून गेली होती. माझं भाषण दुसऱ्याच कुणीतरी वाचून दाखवलं. असो, ते विषयांतर झालं.*

रेखांश,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्याबद्दल वाईट वाटलं, दुसऱ्यांदा जरा रागच आला. "मी लायक आहे का" हा एकच प्रश्न तुम्ही या ना त्या रूपात पत्रभर विचारलाय. मंडळ काम काय करतं, हे मात्र एकदाही नाही. घर भाड्यानं घ्यायला निघालेल्या माणसानं नळाला पाणी येतं का, छप्पर गळतं का हे बघायचं सोडून, घरमालकाला आपण पसंत पडू की नाही याचाच घोर लावून घ्यावा, तसं झालंय हे. तेव्हा आधी घर बघू.

मंडळ नऊ जणांचं. मुदत दोन वर्षांची, पण सगळे एकदम बदलत नाहीत. एका वर्षी पाच जागा, पुढच्या वर्षी चार. म्हणजे निवडून आलात तरी निम्मी माणसं आधीपासून बसलेली असणार आणि कुठला कागद कुठे ठेवलाय ते त्यांना ठाऊक असणार. मतं चार्टर मेंबरांची. तुम्ही स्वतःच तीन वर्षं मत देताय. अध्यक्ष मंडळच आपल्यातून निवडतं. मानधन नाही. संस्था अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात ना-नफा म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे कर, करार, बँक हे सगळं तिथल्या कायद्यानं चालतं. संचालक म्हणून तुमचं नाव त्या कागदांवर येतं. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशामागच्या फाउंडेशनचं बघा. ती इंग्लंड-वेल्समध्ये नोंदलेली कंपनी, संचालक सात, आणि तिथल्या संचालकांची नावं कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत कुणालाही बघता येतात. उभं राहण्याआधी आपण कुठल्या देशाच्या कागदावर सही करणार आहोत, एवढं तरी माणसानं विचारावं.

हे मंडळ जन्माला कसं आलं, ते तुम्हाला बहुधा माहीत असेल. तरी सांगते, कारण मंडळाचं काम त्यातच दडलंय. नोव्हेंबर २००५ मध्ये ऑटोडेस्क कंपनीनं आपलं नकाशांचं एक सॉफ्टवेअर मुक्त स्रोत म्हणून, म्हणजे कुणालाही त्याचा कोड वापरता-बदलता येईल असं, खुलं केलं. चांगलीच गोष्ट. पण त्याला नाव द्यायचं ठरलं 'मॅपसर्व्हर एंटरप्राइज', आणि मिनेसोटा विद्यापीठात वाढलेल्या, नकाशे इंटरनेटवर दाखवणाऱ्या मूळ मॅपसर्व्हरच्या नावाला 'चीता' असं शेपूट लावायचं. वर्षानुवर्षं त्यावर राबलेली माणसं भडकली. आमच्या पोराचं बारसं तुम्ही परस्पर कसं केलंत? नावं मागे घ्यावी लागली, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये शिकागोत सगळे एकत्र बसले. कुठल्याच एका कंपनीची नाही, कुठल्याच एका सॉफ्टवेअरची नाही, अशी संस्था त्यातून निघाली. भांडण कोडचं नव्हतं. नाव कुणाचं आणि ठरवायचं कुणी, याचं होतं. मंडळ आजही तेच करतं. नाव सांभाळायचं, पैसा सांभाळायचा, आणि संस्थेच्या वतीनं कोण काय बोलतंय यावर डोळा ठेवायचा.

आता हे रोजच्या कामात कसं दिसतं, ते माझ्या अनुभवातून सांगते. मी अशाच एका स्वयंसेवी संस्थेच्या मंडळावर दोन वर्षं काढली आहेत. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात. पहिल्या बैठकीला मी खुल्या डेटाच्या धोरणावर चार पानांची टिपणं काढून बसले होते. कार्यक्रमपत्रिकेवर पहिला विषय होता बँकेतली सही बदलणं. जुना खजिनदार एका देशात, नवी खजिनदार दुसऱ्या देशात, बँक तिसऱ्याच. बँकेला दोघांच्या ओळखपत्रांच्या नोटरी केलेल्या प्रती हव्या होत्या, मंडळाचा ठराव हवा होता, आणि त्या ठरावावर अशा माणसाची सही हवी होती, ज्याची सही बँकेकडे आधीपासून आहे. असा माणूस एकच, जुना खजिनदार. तो नेमका त्या आठवड्यात रुग्णालयात. पुढे ठराव गेला, तर नव्या बाईंच्या नावातलं मधलं अक्षर राहिलं म्हणून कागद परत. साडेतीन महिने लागले. तेवढ्यात एका विद्यार्थ्याचे तिकिटाचे पैसे अडकून पडले होते. तो दर आठवड्याला अतिशय नम्र पत्र पाठवायचा, आणि दर आठवड्याला त्यातली नम्रता एका ओळीनं कमी व्हायची. माझी चार पानांची टिपणं दोन वर्षांत एकदाही पिशवीबाहेर आली नाहीत.

हे वाचून पोटात गोळा आला असेल तर नामांकन नाकारा, त्यात काही कमीपणा नाही. पण "मधलं अक्षर आधीच तपासायला काय झालं होतं?" असं मनात आलं असेल तर पुढे वाचा. माझा अंदाज, तेच आलं असणार. सात वर्षं भाषांतराच्या ओळी डोळ्यांत तेल घालून तपासणाऱ्या बाईला अशा अक्षरांची भीती वाटत नाही, चीड येते. मंडळाला नेमकी अशीच माणसं हवी असतात आणि नेमकी अशीच माणसं स्वतःहून पुढे येत नाहीत.

म्हणून "कोड लिहिता येत नाही" हे तुमचं दुखणं मला फारसं पटलं नाही. नकाशांच्या फाइली वाचणाऱ्या जीडॅलमध्ये काय दुरुस्त करायचं, क्यूजीआयएसच्या पुढच्या आवृत्तीत काय घालायचं, हे मंडळ ठरवतच नाही. प्रत्येक प्रकल्पाची आपली सुकाणू समिती असते, ती ठरवते. क्यूजीआयएसची तर स्वित्झर्लंडमध्ये स्वतःची वेगळी संस्था आहे. प्राध्यापक, शिक्षक, परिषदा भरवणारे असे सगळे मंडळावर येऊन गेले आहेत. 'फॉसफोरजी' हे संस्थेच्या परिषदेचं नाव ज्यांनी रूढ केलं ते वेंकटेश राघवन ओसाकात प्राध्यापक होते आणि पुढे संस्थेचे अध्यक्ष झाले. मिलानच्या प्राध्यापक मारिया ब्रोव्हेल्लीही मंडळावर होत्या.

याच कारणासाठी तुमच्या खर्ड्यातलं पहिलं वाक्य खोडा: "निवडून आल्यास नकाशावरच्या देवनागरी लेबलांचा प्रश्न सोडवीन." पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात, हे बघून माझाही जीव जळतो. पण तो प्रश्न संचालक म्हणून सुटणार नाही. त्यासाठी चुकीची रीतसर नोंद, सोबत नमुन्याची फाइल, आणि वेळ असलेला एक विकासक लागतो. मंडळ फार तर अशा विकासकांना चार दिवस एकत्र बसवायला पैसे देऊ शकतं. मतदारांमध्ये सुकाणू समित्यांवर बसलेले बरेच असतात. ते हे वाक्य वाचून मनातल्या मनात म्हणणार, हिला आपण कुठे निघालोय ते माहीत नाही. एका वाक्यानं मत जातं.

त्या समित्यांमधली एक रीत मात्र मंडळावर जाताना खिशात ठेवा. प्रस्तावावर +१ (बाजूनं), ० (तटस्थ) किंवा −१ (विरोधात) असं मत देतात. मॅपसर्व्हरसारख्या प्रकल्पांत −१ द्यायचा तर कारण आणि पर्यायी मार्ग सांगावा लागतो. नुसतं "मला नाही पटत" चालत नाही. ज्या बैठकांत हा नियम पाळला जातो त्या तासात संपतात. ज्यांत नाही पाळला जात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

इंग्रजीबद्दल. तुमची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. पण मंडळाचं बरंचसं काम लेखी असतं, आणि तुमचं लेखी इंग्रजी खर्ड्यावरून तरी माझ्यापेक्षा बरं दिसतंय. फॉसफोरजी परिषद आजवर लोझान, बार्सिलोना, सोल, बॉन, दार-एस-सलाम, बुखारेस्ट, फ्लोरेन्स, प्रिझरेन, बेलेम अशी फिरली आहे. या मंडळींत इंग्रजी ही बऱ्याच जणांची दुसरी किंवा तिसरी भाषा असते. माझी युक्ती सांगते. विषयपत्रिका आली की ज्या एका-दोन विषयांवर बोलायचंय, त्यावर तीन-तीन वाक्यं लिहून ठेवायची आणि बैठकीत सरळ वाचायची. कुणी भरभर बोललं की "थांबा, हे मला कळलं नाही" म्हणायचं. पहिल्यांदा हे म्हणताना माझे कान तापले होते. बैठक संपल्यावर दोघांनी वेगवेगळं कळवलं की त्यांनाही कळलं नव्हतं. अस्खलित बोलणारे दोन सदस्य आमच्या मंडळावर होते. बैठक लांबायची ती त्यांच्यामुळेच.

आता नवऱ्याची 'फुकटची हमाली'. तो चुकीचं बोलत नाहीये हो. हमालीच आहे. फरक एवढाच की ओझं काय आहे, ते आधी बघून उचलता येतं. माझ्या वाट्याला आठवड्याचे चार-पाच तास यायचे, वादाच्या आठवड्यात पंधरा. बैठका जागतिक प्रमाणवेळेनुसार ठरतात, त्यात कुणाची तरी झोप जाणारच. ती दर वेळी तुमचीच का जावी, हे पहिल्याच महिन्यात विचारून घ्या. शिवाय घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशांमुळे वर्षातून दोनदा वेळ सरकते. मी एकदा मध्यरात्री तासभर रिकाम्या ऑनलाइन खोलीत एकटीच बसून होते, आणि सगळे येण्याआधी जेमतेम पाच मिनिटं मला झोप लागली. नवऱ्याला "मला उभं राहू दे" म्हणू नका. दोन वर्षं आठवड्यातून एक संध्याकाळ घरातलं काय काय तो बघणार, याची यादी घेऊन बसा. त्या यादीवरून जो वाद होईल तो आत्ता झालेला बरा.

आणि एक वाद स्वतःशी. मराठी भाषांतर कोण तपासणार? तुमच्यानंतर तिथे दुसरं कुणी दिसत नाही, असं खर्ड्यात तुम्हीच ओझरतं लिहिलंय. मंडळावर गेलेली माणसं दोन्ही घोडे चालवू म्हणतात, आणि सहा महिन्यांत कडेचा घोडा उपाशी मरतो. तुमच्या वर्गातून शिकून गेलेल्यांपैकी दोघींना आत्तापासून तपासणीचे अधिकार मिळवून द्या. निवडणूक हरलात तरी हे काम झालेलं असेल. खरं तर सात वर्षं एकटीनं ते अंगावर घेणं हीच चूक होती. असो.

साहेबांना सांगा, आणि लेखी सांगा. तुमची कंपनी नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. म्हणजे कधी ना कधी ती परिषदेची प्रायोजक होणार किंवा संस्थेनं काढलेल्या एखाद्या कामासाठी दर भरणार. त्या दिवशी तुम्ही "यात माझा हितसंबंध आहे, मी मत देत नाही" म्हणून बाजूला व्हायचं. हे साहेबांना आत्ताच कळलेलं बरं, नाहीतर "आपली बाई मंडळावर आहे" या भरवशावर ते काहीतरी गृहीत धरून बसतील. जाहीरनाम्यातही नोकरी कुठे करता ते स्पष्ट लिहा. लपवून काही साधत नाही. नकाशावाल्यांपासून पत्ता लपवायला जाऊ नये.

एका गोष्टीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून मीच काढते. संस्थेला आचारसंहिता असते आणि तक्रारी येतात. अमक्यानं परिषदेत असं वागलं, तमक्यानं चर्चेत तसं लिहिलं. माझ्या मुदतीत एक तक्रार अशा माणसाविरुद्ध आली, ज्याच्याशी माझी दहा वर्षांची मैत्री. मी त्या विषयातून बाजूला झाले, ते बरोबरच केलं. पण पुढचे दोन महिने तो मला नेहमीसारखा फोन करत होता, त्याला अजून काही कळवलेलं नव्हतं, आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. प्रकरण मिटलं. मैत्री मिटली नाही, पण पूर्वीसारखी राहिली नाही. तक्रार करणाऱ्या मुलीला मात्र तिचं म्हणणं ऐकणारं कुणीतरी मिळालं. मंडळावर गेल्यावर आपल्याला माहीत असलेल्या गोष्टी वाढतात आणि सांगता येण्यासारख्या कमी होतात. तुमचा या वर्तुळातला गोतावळा मोठा दिसतो. हे जड जाईल.

आता खर्डा. पहिलं वाक्य खोडलं. दुसरं: "मी सर्वांना सोबत घेऊन चालेन." तिसरं: "विविधतेला प्रोत्साहन देईन." चौथं: "तरुणांना संधी मिळवून देईन." रेखांशबाई, या तीन वाक्यांखाली कुठल्याही उमेदवाराची सही चालेल, आणि कुणीही याच्या उलट लिहिणार नाही. "मी सर्वांना मागे टाकून चालेन" असा जाहीरनामा कधी वाचलाय? ज्या वाक्याच्या विरोधात कुणी उभं राहू शकत नाही, त्याला मत तरी कोण देणार?

तुमचा खरा जाहीरनामा पत्राच्या शेवटी, ता.क. मध्ये पडलाय. तुम्ही त्याला विषयांतर म्हणालात. अनुदान मंजूर झालं, पण पत्र उशिरा आलं आणि व्हिसा हुकला. हे तुमच्या एकटीच्या बाबतीत झालेलं नाही, ज्यांना व्हिसा लागतो त्या सगळ्यांच्या बाबतीत होऊ शकतं. आणि ज्यांना व्हिसा लागत नाही, त्यांच्या हे लक्षातही येत नाही. मंडळावर अशाच माणसांची बहुसंख्या असेल तर हा विषय पत्रिकेवर येणार कसा?

पण नुसतं "अनुदान वेळेवर देऊ" लिहिलंत तर पुन्हा तेच. आधी अडतं कुठे, ते शोधा. परिषद ही संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा झरा आहे, आणि तो आटू शकतो हे या लोकांनी बघितलंय: २०१२ ची बीजिंगची परिषद रद्द झाली, २०२० ची कॅलगरीची महामारीमुळे रद्द झाली, २०२१ ला ब्युनोस आयर्सवाल्यांना सगळं ऑनलाइन करावं लागलं. अशा अनुभवानंतर आयोजक नोंदणीचे पैसे दिसेपर्यंत हात आखडता ठेवतात, यात त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तेव्हा प्रश्न असा की, अनुदानाचा काही भाग परिषदेच्या जमाखर्चापासून सोडवून, संस्थेच्या वार्षिक अंदाजपत्रकातून आधीच मंजूर करता येईल का? म्हणजे निदान लांबून येणाऱ्यांना पत्र आधी जाईल. जमेल की नाही, हे मला इथून सांगता येणार नाही. तुम्हाला शोधता येईल. गेल्या दोन-तीन परिषदांच्या अनुदान समितीतल्या कुणाला तरी विचारा: अर्ज कधी मागवले, पैसे कधी हातात आले, निर्णय कधी झाला, पत्रं कधी गेली. चार तारखा. त्या कागदावर एकाखाली एक लिहिल्या की गाठ कुठे आहे ते दिसेल. कदाचित गाठ मंडळाकडे नसून समितीच्या वेळापत्रकात असेल. तसं असेल तर तेही लिहा. आपल्याच मागणीतली अडचण स्वतःहून सांगणारा उमेदवार मतदारांना फार कमी वेळा भेटतो.

मग जाहीरनामा साधारण असा होईल: मी अमुक ठिकाणी नोकरी करते, सात वर्षं हे हे काम केलं. मला अनुदान मिळूनही परिषदेला जाता आलं नाही, कारण या चार तारखा. मी निवडून आले तर पहिल्या वर्षी अंदाजपत्रकात हा एक बदल सुचवीन. तो मंजूर झाला नाही तर निदान तारखा आधीच जाहीर व्हाव्यात असा आग्रह धरीन. आठवड्याला मी पाच तास देऊ शकते, बैठकीसाठी अमुक वेळा मला चालतात. कोड लिहित नाही, कागद नीट वाचते. एवढंच. एका पानाच्या आत. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत उतरवा. तुमच्या खर्ड्यातली ती तीन वाक्यं इंग्रजीतच सुचली असणार, मराठीत विचार करताना माणूस इतकं गुळगुळीत लिहित नाही.

प्रचार म्हणून ओळखीच्यांना खासगीत "मला मत द्या" असं कळवत बसू नका. काही जण करतात, आणि ते लक्षात राहतं. जाहीर प्रश्न येतील त्यांना जाहीर उत्तरं द्या. "या विषयावर माझं मत अजून बनलेलं नाही" हेही उत्तर आहे. फक्त पाच वेळा देऊ नका.

एक प्रश्न हमखास येईल: संस्थेच्या नावानं बाहेर बोलायचं कधी? तयारी म्हणून २०१३ चं प्रकरण वाचून ठेवा. नकाशा-माहितीची प्रमाणकं ठरवणाऱ्या ओजीसी या संस्थेसमोर एका कंपनीच्या उत्पादनाबरहुकूम बेतलेलं प्रमाणक आलं होतं, इथल्या बऱ्याच जणांनी त्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, आणि अखेर तो प्रस्ताव मागे घेतला गेला. त्या पत्राचा एकेक शब्द किती जणांनी किती वेळा बदलला, ते बघण्यासारखं आहे. सगळ्यांना सही करता येईल असा मजकूर तयार करणं म्हणजे तुमचं भाषांतर तपासण्याचंच काम, फक्त भाषा एकच.

हरण्याबद्दल फार लिहित नाही. मी हरले आहे, पहिल्याच वेळी. निकालाच्या यादीत आपलं नाव नाही हे कळायला तीन सेकंद लागतात आणि पचायला आठवडा. नवव्या दिवशी कुणालाच आठवत नाही कोण हरलं. निवडून आलेल्यांपैकी एकीला मी माझा मुद्दा पाठवून दिला, तिनं तो बैठकीत मांडला, आणि पुढच्या निवडणुकीत तिनंच माझं नाव सुचवलं. तुम्ही हरलात तर त्या चार तारखांचा कागद निवडून आलेल्या कुणाला तरी पाठवा. काम तुमच्याशिवाय झालं तरी व्हिसा कुणाला तरी मिळेलच.

महिनाअखेरीला अजून दिवस आहेत. त्यातल्या दोन संध्याकाळी मंडळाच्या गेल्या वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्तं वाचून काढा. ती खुली असतात. वाचताना पेन्सिल घेऊन बसा. जिथे जांभई येईल तिथे एक खूण, जिथे "हे असं का केलं?" वाटेल तिथे दुसरी. दुसऱ्या खुणा दहाच्या वर गेल्या तर नामांकन स्वीकारा. लायकीचं मग मतदारांना ठरवू दे. ते काम त्यांचं आहे, तुमचं नाही.

ता.क. खर्ड्यात तुम्ही स्वतःचं नाव अगदी शेवटी, कंसात, आणि आडनाव वगळून लिहिलंय. ते पूर्ण लिहा आणि वर आणा. मतपत्रिकेवर लोक ते शोधणार आहेत.